तिसरी बादली

त्या गावात इतिहास एकदाच घडला, आणि तोही घसरून.

त्याआधी तिथे काहीच झालं नव्हतं. लढाई झाली नव्हती, कुणी थोर माणूस जन्मला नव्हता, एवढंच काय, कुणी थोर माणूस जाता जाता तिथे चहाला थांबल्याचीही नोंद नव्हती. मग पंचावन्न वर्षांपूर्वी एका पहाटे साबणाच्या कारखान्यातल्या मोठ्या टाकीचा कॉक कुणाच्या तरी हातून उघडा राहिला, आणि कारखान्यापासून चौकापर्यंतच्या उतारावरून टाकीभर पातळ साबण आरामात खाली वाहत आला. गाव उठलं तेव्हा चौकात घोटाभर फेस होता आणि बँकेच्या पायरीशी एक माणूस मरून पडला होता. वर, उताराच्या टोकाला, त्याची रिकामी बादली. गावाने हिशेब लावला. फुकटचा साबण भरायला धावला आणि आपटला.

पुढे नगरपालिकेने तिथे पाटी लावली. ‘या ठिकाणी साबणाचा लोट आला. त्यात एक इसम घसरून मृत्युमुखी पडला.’

तो एक इसम म्हणजे फेस्याचे आजोबा.

फेस्याचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि ते तिथेच राहिलं. दुसरीत बाईंनी गावाचा इतिहास शिकवला. धडा एका पानाचा होता. पान संपायच्या आत सगळा वर्ग मान वळवून त्याच्याकडे बघत होता, आणि मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा फेस्या झाला होता. सुरुवातीला तो रडला. मग त्याच्या लक्षात आलं की आपणच आधी सांगून टाकलं तर समोरच्याकडे सांगायला काही उरतच नाही. “आमचे आजोबा फार स्वच्छ वारले,” असं तो चेहरा जराही न हलवता सांगायचा. समोरचा हसावं की नाही या विचारात अडकायचा, तेवढ्यात फेस्या निसटायचा. ही युक्ती त्याला जन्मभर पुरली. गाद्यांच्या दुकानात नोकरी मागायला गेला तेव्हा मालकांनी अनुभव विचारला. “पडण्याचा आहे,” तो म्हणाला. “घराण्यातच आहे.” नोकरी लागली. गिऱ्हाइकासमोर गादीवर धाडकन पडून दाखवायचं आणि पडल्या पडल्या भाव सांगायचा, हे त्याचं मुख्य काम.

त्याचे वडील नोकरीसाठी परगावी गेले होते आणि आईलाही घेऊन गेले होते. फेस्या राहायचा आत्याकडे, उताराच्या वरच्या टोकाला, त्याच जुन्या घरात. आत्या टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली. आयुष्यभर तिने कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आणि स्वतः मधे ‘बोला’ याच्यापलीकडे काही बोलली नाही. आवाज मात्र असा की कुजबुजली तरी भिंतीपलीकडे शब्दन् शब्द ऐकू जावा. म्हणूनच गावच्या हौशी नाट्यमंडळाने तिला प्रॉम्प्टिंगला बसवली होती.

या मंडळाची एक खासियत होती. तिथे कुणीही संवाद पाठ करायचं नाही.

सुरुवातीला करत असावेत. पण आत्या विंगेत स्टूल टाकून, छोटा दिवा लावून बसायला लागली आणि लोकांची सवय गेली. ती वाक्य पुरवायची, नट ते उचलायचा. ती जिथे श्वास घेईल तिथे तो घ्यायचा. पुढच्या रांगांना प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू यायचं, एकदा बाईच्या आवाजात आणि एकदा पुरुषाच्या, त्यामुळे गावातली कमी ऐकू येणारी मंडळी हौसेने पुढची तिकिटं घ्यायची. मंडळाला या पद्धतीचा अभिमान होता. तोटा एकच. आत्याच्या तोंडातून जे निघेल ते नट बोलायचा. एकदा राजदरबाराच्या प्रवेशात तिला आठवलं म्हणून तिने विंगेतल्या फेस्याला विचारलं, “गॅस बंद केलास ना रे?” सिंहासनावरच्या राजाने मिशीवर ताव देत प्रधानाला विचारलं, “गॅस बंद केलास ना रे?” आत्या दचकून “अगं बाई!” म्हणाली. प्रधानही म्हणाला. टाळ्या पडल्या, आणि पुढचे सगळे प्रयोग गॅससकट झाले.

मंडळ दर वर्षी कारखान्याच्या वर्धापनदिनाला एकच नाटक करायचं, ‘साबणाचा महापूर’. दोन अंकी. पहिल्या अंकात साबण येतो. दुसऱ्या अंकात कारखान्याचे मालक गावाला धीर देणारं लांबलचक भाषण करतात. मालकांचं काम दातांचे डॉक्टर करायचे. दिग्दर्शनही त्यांचंच, त्यामुळे भाषण कधी कापलं जायचं नाही. तालमीत नट बोलायला लागला की डॉक्टर त्याच्या चेहऱ्याकडे न बघता तोंडात बघायचे, आणि भावनेच्या ऐन भरात “ती मागची दाढ दाखवून जा उद्या” म्हणायचे.

पण लोक यायचे ते पहिल्या अंकाच्या शेवटासाठी. हावरा इसम बादली घेऊन येतो, साबण बघून डोळे फिरतात, धावतो, आपटतो. प्रेक्षक ओरडतात, “वन्समोर!” मग इसम उठतो आणि पुन्हा आपटतो. त्या हॉलमध्ये वन्समोर नाकारायचा नाही असा अलिखित नियमच होता, आणि गाव काही थांबणाऱ्यांतलं नव्हतं. वर्षानुवर्षं हे काम गावचा वायरमन करायचा. दर वर्षी नवीन काहीतरी हवं म्हणून त्याने मधे एकाच्या दोन बादल्या केल्या होत्या. गेल्या खेपेला मात्र लोकांनी त्याला इतक्यांदा पाडला की त्याच्या गुडघ्याने राजीनामा दिला. यंदा डॉक्टरांनी वायरमनला पोलीस केलं आणि पडायचं काम फेस्याला दिलं. नाटक नव्याने लिहायचंही त्यालाच सांगितलं.

“तुझ्या तर घरचाच विषय,” डॉक्टर म्हणाले.

फेस्याला आनंद लपवता येईना. तो इतकी वर्षं हा विनोद किरकोळीत विकत होता, आता घाऊक संधी आली होती. दुकान बंद झाल्यावर तो गाद्यांवर पडायचा सराव करायचा. गुडघ्यावर, कुशीवर, एकदा तर स्प्रिंगच्या गादीवर असा पडला की उसळून उशांच्या मांडणीत गेला. आणि मग त्याला ती कल्पना सुचली.

रविवारी दुपारी जेवणं आटपल्यावर तो आत्याला नवी संहिता द्यायला बसला. आत्या पेन्सिलीने कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा याच्या खुणा करत होती.

“बाथरूममधली निळी बादली कुठे गेली?” तिने मान वर न करता विचारलं. “आज मी पातेल्याने आंघोळ केली.”

“नाटकात गेली. आजोबांना तिसरी बादली दिलीय.”

“तिसरी?”

“दोन हातांत दोन आणि एक डोक्यावर. आपटतात तेव्हा डोक्यावरची घसरून गळ्यापर्यंत येते. डोकं आत. मग आतून म्हणतात, ‘कुणीतरी दिवा लावा रे.’”

तो हसण्याची वाट बघत थांबला. आत्याने पेन्सिल खाली ठेवली. संहिता मिटली, ती सरळ केली, आणि टेबलाच्या कडेला त्याच्या बाजूला सरकवली.

“यंदा मी बसणार नाही.”

“बादलीसाठी? आत्या, उद्या आणून देतो मी!”

“त्या बादलीचं नाही म्हणत मी.”

“मग?”

“बादलीत मी होते,” आत्या म्हणाली.

फेस्याने पटकन काहीतरी गमतीचं शोधलं. सापडलं नाही. “कुठल्या बादलीत?” त्याने विचारलं.

“एकच होती. लोखंडी. बाबा नळावर पाणी आणायला निघाले होते. पहाटे पाणी यायचं तेव्हा. मी मागे लागले म्हणून मला घेतलं. दार उघडलं तर अख्खा रस्ता पांढरा. आमच्या पायरीपासून खाली चौकापर्यंत. माणूस नाही, कुत्रं नाही. बाबांनी एक पाय टेकवला, काढला, वास घेतला आणि मला म्हणाले, तू इथे बस, बादलीत बसलं की घसरत नाही. पायरीवर बादली ठेवली आणि तिच्यात मला ठेवलं.”

“बरं मग?”

“मग गेले.”

“कुठे?”

“खाली. घसरत. उभ्याने, दोन्ही हात पसरून. खाली बँकेच्या अलीकडे विजेचा खांब होता, त्याला मिठी मारून थांबले. माझ्याकडे वळून वाकून नमस्कार केला, आणि कडेच्या भिंती धरत धरत वर आले. मी म्हटलं, पुन्हा.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती होईना.

“त्यांनी हात पँटला पुसले आणि पुन्हा गेले,” आत्या म्हणाली. “मग अजून एकदा. चौथ्या वेळेपर्यंत पँटही साबणाने माखली होती. पुसायला अंगावर कोरडं काही उरलं नव्हतं. मिठी मारली, पण खांब हातातून निसटला. त्याच्यामागे बँकेची पायरी.”

“आणि तू?”

“बादलीतून उतरले आणि भिंतीकडेने रांगत आत गेले आईला उठवायला. लोक जमेपर्यंत तिथे बाबा होते आणि वर रिकामी बादली. बाकीचं लोकांनी जुळवलं.”

“आजी काही बोलली नाही?”

“आईला लाज वाटली. दोन मुलांचा बाप पहाटे रस्त्यात खेळत होता, हे कसं सांगायचं? साबण भरायला गेला म्हटलं तर निदान घरची काळजी होती असं तरी दिसतं. तुझा बाप पाळण्यात होता तेव्हा. मला म्हणाली, तू गप्प राहा. मी राहिले. मग एक्सचेंजमध्ये लागले, तिथे तर मधे बोलायची परवानगीच नव्हती.”

फेस्या म्हणाला, “म्हणजे तू ‘पुन्हा’ म्हणालीस म्हणून तुला इतकी वर्षं…”

“काही नाही. पाच वर्षांचं पोर ‘पुन्हा’च म्हणतं, दुसरं काय म्हणणार? उगाच तसला चेहरा करू नकोस.”

त्याने चेहरा परत जागेवर आणला. “मग इतकी वर्षं बसलीस कशी तिथे?”

“विंगेतून मला स्टेज दिसत नाही, वही दिसते. हसणं ऐकू येतं, पण हसण्याचं मला काही नाही. बाबांना आवडलं असतं. चार माणसं हसली की त्यांना जेवण नको असायचं. फक्त ज्याच्यावर लोक हसतात ते त्यांनी केलेलं नाही, आणि जे केलं त्याला हसणारी मी एकटीच होते.” ती उठली आणि टेबल पुसायला लागली. “आजवर परके पडत होते. पडोत. तू आता बाबांच्या वयाचा झालायस. तू तीन बादल्या घेऊन आपटणार आणि मी तुला वाक्य पुरवायचं, हे काही माझ्याच्याने व्हायचं नाही.”

त्या दिवशी फेस्या उतारावरून दोनदा खाली गेला आणि वर आला. काम काही नव्हतं. खांब अजून तिथेच होता, त्यावर शिकवणीच्या जाहिराती चिकटवलेल्या. त्याने सहज मिठी मारून बघितली. समोरच्या पानवाल्याने बघितलं, मग दुसरीकडे बघितलं. फेस्याला वाईट वाटत होतं, पण नक्की कशाचं ते ठरेना. आजोबा त्याने कधी पाहिलेच नव्हते. विनोद मात्र रोज पाहिला होता, लहानपणापासून, तोंड धुण्याच्या आधी. आणि आता कळत होतं की तो दुसऱ्याच कुणाचा तरी होता. चुकीच्या पत्त्यावर आलेलं सामान त्याने पंचवीस वर्षं वापरलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं, कारण तिथे दुसरी खुर्ची नव्हती, आणि खुर्चीत बसला म्हणून त्याचं तोंड उघडलं.

“डॉक्टर, तो बादलीचा प्रवेश बदलावा लागेल,” एवढं म्हणेपर्यंत गालात कापूस गेला.

“बदलायचा? अरे फेस्या, तो इतिहास आहे! इतिहासात आपण ढवळाढवळ नाही करायची.”

“अं अं आं,” फेस्या म्हणाला. मागच्या वर्षी दोनच बादल्या होत्या, असं त्याला म्हणायचं होतं.

“तिसरी बादली ही तर तुझीच देणगी. काय कल्पना आहे! मी रात्री आठवून आठवून हसलो, बायको घाबरली. पोस्टर छापून आलंय, बघ.” भिंतीवर खरंच पोस्टर होतं. एक डोळे वटारलेला माणूस, हातांत बादल्या, डोक्यावर बादली. वर लिहिलं होतं, ‘यंदा तीन!’

फेस्याने हात हलवून हलवून नको नको केलं.

“घाबरू नकोस, सगळ्यांना होतं असं पहिल्या वेळी,” डॉक्टर म्हणाले. “तिकडे डावीकडे किडतेय एक. प्रयोग झाल्यावर बघू.”

प्रयोगाच्या दिवशी सकाळी आत्या पातेल्याने आंघोळ करून बाहेर आली, तेव्हा फेस्या दारातच उभा होता.

“येशील का?” त्याने विचारलं.

“बादल्या?”

“तीन. पोस्टरं लागलीत गावभर.”

आत्याने केस झटकले. “येईन. मी नाही आले तर वायरमन उभ्या उभ्या घाम फुटून मरेल. त्याला स्वतःचं नाव पुरवावं लागतं. या साबणापायी एक माणूस गेला तेवढा पुरे. पण तुझं पान आलं की मी वही मिटणार. मग तुझं तू बघ.”

“मला पाठ नाहीये,” फेस्या म्हणाला. हे खरं होतं. नाटक त्यानेच लिहिलं होतं, तरी.

“मग गप्प राहा,” आत्या म्हणाली. “तेही जमतं माणसाला.”

संध्याकाळी हॉल खच्चून भरला होता. सुताराने स्टेजवर लाकडी उतार ठोकला होता, माथ्याला घराची एक पायरी, उतारावर ताडपत्री, ताडपत्रीवर साबणाचं पाणी. खालच्या टोकाला दर वर्षीसारखा विजेचा खांब म्हणून एक पाइप, त्यापुढे गादीच्या दुकानातून आणलेली जाड गादी, फेस्याला पडताना लागू नये म्हणून. एका बाजूला मालकांच्या कोटात डॉक्टर उभे, दुसऱ्या बाजूला पोलिसाच्या वेषात वायरमन. आत्या विंगेत होती. डॉक्टर बोलले, वायरमन बोलला, पुढच्या रांगांनी सगळं दोनदा ऐकलं. घंटा झाली, साबण आला. फेस्या तीन बादल्या घेऊन उताराच्या माथ्यावर उभा राहिला आणि नुसता उभा राहिला तरी हॉल हसायला लागला.

विंगेत वही मिटल्याचा आवाज आला. आवाज बारीक होता, पण फेस्याला तो दार लावल्यासारखा ऐकू आला.

आता त्याच्याजवळ वाक्य नव्हतं. तीन बादल्या होत्या आणि हसणारं गाव होतं. आपटणं सगळ्यात सोपं होतं. आपटला असता तर हॉल डोक्यावर घेतला असता लोकांनी, आणि आत्या घरी गेली असती, आणि उद्या सकाळी चहाच्या वेळी दोघांनी पेपरातलं काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. याच्या पुढेही मारून नेली असती. पेपर काय, रोजच येतो.

त्याने हातातल्या दोन्ही बादल्या बाजूला ठेवल्या. डोक्यावरची निळी काढली. ती पायरीवर ठेवली, अगदी हलकेच, आत काहीतरी असल्यासारखी. मग तो तिच्यापुढे उकिडवा बसला.

“तू इथे बस,” तो बादलीला म्हणाला. “बादलीत बसलं की घसरत नाही.”

लोक हसले. बादलीशी बोलणारा माणूस, हसणारच. डॉक्टर कोटाच्या आतून त्याच्याकडे भुवया उडवत होते.

फेस्या उठला, हात पसरले आणि सुटला. उभ्याने. ताडपत्रीवरून सरळ खाली, आणि शेवटी पाइपला गच्च मिठी. वळून त्याने निळ्या बादलीला वाकून नमस्कार केला. क्षणभर हॉल गोंधळला, कारण माणूस पडलाच नव्हता. मग मागून कुणीतरी ओरडलं, “वन्समोर!” आणि सगळा हॉल ओरडला.

तो कडेकडेने वर आला. हात पँटला पुसले. पुन्हा गेला. या वेळी एक पाय वर उचलला, बगळ्यासारखा, आणि हसू असं आलं की त्याला पाठीवर ढकलल्यासारखं वाटलं. नमस्कार. “वन्समोर!” तिसऱ्यांदा तो पाठमोरा गेला, बादलीकडे बघत, हात हलवत, गाडीत बसून गावाला निघाल्यासारखा. पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे पुसत होता. फेस्याच्या आयुष्यात कुणी त्याला इतकं हसलं नव्हतं, आणि कारण एवढंच होतं की एका माणसाला मजा येत होती.

“वन्समोर!”

तो वर आला आणि हात पुसायला गेला. पँट बुळबुळीत झाली होती. शर्टाला पुसले, शर्टही तसाच. त्याने तळहात वळवून बघितले. अंगावर कोरडं काही उरलं नव्हतं.

हे त्याला माहीत होतं, रविवारपासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि हात समोर धरणं वेगळं. खाली जाड गादी होती, ती त्यानेच विकायच्या मालातून आणली होती, काही होणार नव्हतं. तरी त्याचे पाय हलेनात.

“वन्समोर! वन्समोर!” गाव पाय आपटायला लागलं. फेस्याने विंगेकडे बघितलं. दिव्याचा उजेड तेवढा दिसत होता. पाय आपटण्याचा आवाज लयीत आला, वाढला, आणि अजून वाढला, आणि तो तसाच साबणाचे हात पुढे धरून उभा.

मग विंगेतून आवाज आला. वही मिटलेलीच होती. एक्सचेंजमधला तोच आवाज, बारीक, भिंतीपलीकडे जाणारा.

“पुरे आता, बाबा. घरी चला.”

आणि दातांचे डॉक्टर, तीस वर्षांच्या सवयीने, एक पाऊल पुढे आले, हात उंचावला आणि कारखान्याच्या मालकाच्या भारदस्त आवाजात प्रेक्षकांना म्हणाले, “पुरे आता, बाबा! घरी चला!”

ओळ आपली की काय असं वाटून वायरमननेही ती घेतली. त्याने शिट्टी वाजवली आणि दांडका फिरवला. “पुरे आता, बाबा! घरी चला!”

पाय आपटणं थांबलं. पुढच्या रांगांनी वाक्य तीनदा ऐकलं होतं, आणि मालक आणि पोलीस दोघंही म्हणतायत म्हटल्यावर त्यांना शंका उरली नाही. कमी ऐकू येणारी मंडळी उठली. ती उठली म्हणून मागचे उठले. खुर्च्या खाडखाड मिटल्या, कुणी छत्री शोधली, कुणी झोपलेलं मूल खांद्यावर घेतलं, आणि ज्यांना अजून दुसरा अंक आहे हे ठाऊक होतं, त्यांनीही तो आठवून उठणंच पसंत केलं. फेस्या उताराच्या माथ्यावर उभा राहून सगळं गाव शांतपणे घरी जाताना बघत राहिला.

दाराशी एक जण दुसऱ्याला सांगत होता, “मजा आली. पण यंदा तो पडलाच नाही रे.”

“नुसताच घसरला,” दुसरा म्हणाला.

रिकाम्या हॉलमध्ये डॉक्टर कोट न काढता वहीची पानं उलटत होते. “माझं भाषण राहिलं,” ते म्हणाले. “पण ते मघाचं वाक्य छान होतं. कुठल्या पानावर आहे? सापडत नाहीये मला.”

“लिहायचं राहून गेलं होतं,” आत्या म्हणाली. तिने त्यांच्या हातातून वही घेतली आणि पिशवीत टाकली. “पुढच्या वर्षी घालू.”

“आणि बादल्या?”

“एक,” आत्या म्हणाली, इतक्या स्वच्छ आवाजात की डॉक्टरांनी सवयीने “एक” म्हटलं आणि विषय संपला.

दोघं उतार चढत घरी निघाली. फेस्याच्या बुटांतून दर पावलाला फेस येत होता आणि मागे पांढरे ठसे उमटत होते. पाटीपाशी आत्या थांबली नाही. नेहमीही थांबायची नाही.

“बादली घेतलीस ना?”

“घेतली.”

“नीट धू. सकाळी लागेल मला.”

घराची पायरी आली तेव्हा फेस्याने बादली खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिला.

“आत्या, बादलीत बसलं की खरंच घसरत नाही?”

आत्या कुलपात किल्ली फिरवत होती.

“मी नाही घसरले,” ती म्हणाली.